गाडी काय करून रायली?

गॅरेजवर कोणी गाडी घेऊन आलं, की तायडे मिस्तरी आधी गाडीकडे पाहत नसत. माणसाच्या तोंडाकडे पाहत. नव्या माणसाला वाटायचं, यांची आपली जुनी ओळख आहे की काय. मग हातचं ऑइल चिंधीला पुसत ते विचारत, "गाडी काय करून रायली?"

नवा माणूस इथेच चुकायचा. म्हणायचा, "प्लग गेला वाटते, मिस्तरी."

"कुठी गेला? सांगून गेला का?"

माणूस गडबडायचा. "नाई, म्हणजे कार्ब्युरेटर गेला असंन."

"तोही गेला? मंग तू इथं कशावर बसून आला बाप्पा?"

'गेला' हा शब्द त्यांच्या गॅरेजात चालत नसे. ते म्हणत, "गेलं-गेलं मयताच्या घरी म्हणाव. माह्या इथं येते ते गाडी जित्ती असते. काय झालं ते मी सांगीन, ते माहं काम हाये. ते काय करून रायली तेवढं तू सांग."

राजापेठच्या मागच्या गल्लीत कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं शेड होतं, आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या अंगाला माझी चहाची टपरी. टपरी अजून आहे. मिस्तरी उंच, काटकुळे, मिशा पांढऱ्या आणि डोक्याचे केस मात्र काळेभोर रंगवलेले. खाकी शर्ट. एप्रिलात जयंतीच्या दिवशी तेवढा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि त्या दिवशी पान्याला हात लावायचे नाहीत. कोणी गाडी आणलीच, तर म्हणायचे, "आज ढकलत ने. आज मी मिस्तरी नाई, पाहुणा हाओ."

स्वतःबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं आणि ते लपवायचे नाहीत. "माह्या हातून गेलेली गाडी मोर्शीच्या रस्त्यानं उभी दिसली, तर मले आणून दाखव. मी मिशी काढतो." मिशी शेवटपर्यंत राहिली. म्हणजे गाड्या थांबल्याच नसतील असं नाही, पण दाखवायला कोणी आलं नाही.

मी त्यांना मामा म्हणायची. माझा आवाज लहानपणापासून बारीक. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथे गुरुजी म्हणायचे, जोरात वाच. सासरी आले, सासू म्हणाली, तोंडात काय गोटा धरला का? टपरीवर तर रोजचंच. "बाई, किती झाले? अं? जोरानं बोल ना!" माणसं कानामागे हात लावून वाकायची, मग मी आणखी हळू बोलायची. मिस्तरी एकटेच असे, की त्यांनी मला कधी 'जोरानं बोल' म्हटलं नाही. मी चुलीवरून मान वर करून ओठातल्या ओठात म्हणायची, "मामा, चहा झाला," आणि ते शेडातून उत्तर द्यायचे, "आण." उलट लोकांना सांगायचे, "या गल्लीत साफ बोलणारं एकच माणूस हाये, ते शोभा." लोक हसायचे. मलाही ती थट्टाच वाटायची.

चहाचे माझे काचेचे ग्लास मात्र त्यांच्यापायी फार फुटले. गाडी चालू करून उभी केली, की ते प्यायचा चहा इंजिनावर ठेवायचे. काठोकाठ भरलेला. आणि त्या चहाकडे पाहत बसायचे. इंजिन सरळ चालत असेल, तर चहावर बारीक गोल उठतात, एकासारखे एक. चारपैकी एखाद्या ठिकाणी पेट्रोल नीट पेटत नसेल, तर मधेच गोल मोडतो आणि चहा एका बाजूने उडी मारतो. "हे पाय," ते म्हणायचे, "तीन पाय टाकते अन् चौथ्याले लंगडते." दुसरी सवय म्हणजे लाकडी मुठीचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनाला लावायचे आणि मूठ दातात धरायचे, डोळे मिटून. पोरंसोरं जमायची. लोक म्हणायचे, मिस्तरी नाटकी आहे. ते दातातून मूठ काढून म्हणायचे, "नाटक पायाचं तं बस. गाडी दुरुस्त कराची तं सरक."

एकदा मोर्शीकडचे एक संत्रेवाले जीप घेऊन आले. मोठे बागाईतदार, गळ्यात सोन्याची साखळी. सकाळी जीप लवकर घेत नाही, घेतली तर थरथरते. त्यांनी बसल्याबसल्या निकाल सांगितला, "इंजिन गेलं, मिस्तरी. काम काढाच लागते."

"मालक, तुमी संत्र्याची झाडं पायता तवा झाड गेलं म्हणता, का पानं पिवळी पडून रायली म्हणता?"

"पानं पिवळी पडून रायली."

"मंग? जीप काय करून रायली?"

मालकांनी खूप विचार केला. मग म्हणाले, "आमची बुढी जिना चढते ना, तशी करून रायली. धापा टाकते. मधी थांबते. पुन्हा चढते."

"हां!" मिस्तरींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे दम कमी पडून रायला. आता हे सांगा, जीप उभी कुठी असते?"

"बागेत. गोदामाजवळ."

मिस्तरींनी हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. आत उंदराचं घर. गवत, सुतळी, पोत्याचे धागे, आणि संत्र्याची वाळलेली सालं अशी नीट लावलेली, की पाहुण्यासाठी गादी टाकली असावी. मालक पाहतच राहिले. मिस्तरी म्हणाले, "इंजिन काढलं असतं तं हा बिचारा बेघर झाला असता." नंतर कितीतरी दिवस ते मालक संत्री पाठवायचे, आणि मिस्तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला संत्रं सोलून देताना ही गोष्ट सांगायचे. दर वेळी उंदीर थोडा मोठा व्हायचा.

त्यांना ऐकू येत नाही, हे मला एका दुपारी कळलं. ते माझ्याकडे पाठ करून प्लग घासत होते आणि माझ्या हातून पितळी पातेलं फरशीवर पडलं. पलीकडच्या ट्युशनमधली मुलं खिडकीत आली. मिस्तरी प्लग घासत राहिले. मान हलली नाही. तरी मला वाटलं, कामात असतील. मग एक दिवस गल्लीत एक व्हॅन मागे येत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मिस्तरी बरोबर तिच्या मागे उभे, पाठ करून, वाकून नट शोधत. मला ओरडता येईना. ओरडणं मला येतच नाही. हातात विसळायच्या पाण्याचा मग होता, तो मी त्यांच्या पाठीवर फेकला.

ते शिव्या देतच वळले. वळले आणि व्हॅन पाहिली. बाजूला झाले. ओला शर्ट अंगाला चिकटलेला. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आवाज न काढताच, "मामा, ऐकू नाई येत?"

त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतलं. मग म्हणाले, "तुलेच येते तेवढं."

तेव्हा सगळं समजलं. ते ओठ पाहायचे. सगळ्यांचा आवाज त्यांच्यासाठी माझ्याएवढाच होता. माझी त्यांनी थट्टा केली नव्हती. बाकी लोक ओरडून बोलतात तेव्हा तोंड वेडंवाकडं करतात. मी हळू बोलते, ओठ नीट हलवून बोलते. आणि 'काय करून रायली' हा प्रश्नही तिथूनच आला होता. पहिले गाडी चालू झाली की त्यांना ऐकूनच समजायचं. कान कमी होत गेले, तसं ते माणसांना विचारायला लागले. विचारता विचारता त्यांच्या लक्षात आलं, की इंजिनाच्या आवाजात जे नसतं, ते गाडीवाल्याला माहीत असतं. फक्त ते त्याला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाचं टेबल फिरवून घेतलं, तोंड गल्लीकडे. मला म्हणाले, "बाहेर बोलशीन?" मी मान हलवली. मी कुठे काही बोलते?

त्यांना भीती होती ती प्रवीणची. प्रवीण त्यांचा मुलगा, अकोल्याला बियाण्याच्या दुकानात नोकरीला. चांगला पोरगा. आई गेल्यापासून मागे लागला होता, बाबा, एकटे राहू नका, अकोल्याला चला. मिस्तरी म्हणायचे, "तिथं मी काय करू? तुह्या बाल्कनीत बसून बाकीच्याच्या गाड्या मोजू?" मग त्या व्हॅनची गोष्ट कुणीतरी प्रवीणच्या कानावर घातली. त्याने फोनवर सांगून टाकलं, की मी येऊन पाहतो. तुमचं काम पहिल्यासारखं होत असेल, तर माझं काही म्हणणं नाही. नसेल होत, तर शेडाला कुलूप. फोन मिस्तरी कायम स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरायचे आणि मी ते शब्द त्यांना ओठांनी सांगायची. हेही मीच सांगितलं. ऐकून ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "येऊ दे. गाडी घेऊन ये म्हणा."

प्रवीण आला तो एका रविवारी सकाळी, बायकोला घेऊन. वैशाली तिचं नाव. ऊन फार, म्हणून तिने आपल्याकडे बांधतात तसा सगळ्या तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. गाडी त्यांचीच, पेट्रोलची, फार जुनी नाही. तिचंच दुखणं होतं. अकोल्यात प्लग बदलून झाले होते, बॅटरी नवी टाकली होती, पेट्रोलचा पंपही नवा. तरी मधेच कधीतरी ती चालू होत नसे, आणि रेल्वेच्या फाटकावर उभी राहिली की थरथरायची. प्रवीण म्हणाला, "बाबा, खरं सांगतो, मले दुरुस्त करूनच पाहिजे. पण तुमालेही पायाचं हाये."

"पाय ना. चालू कर."

प्रवीण आत बसला. दोनदा चावी मारल्यावर गाडी लागली. मिस्तरींनी माझ्याकडून चहा घेतला आणि इंजिनावर ठेवला. चहा काठावरून उडाला. त्यांनी विचारलं, "काय करून रायली?" प्रवीण इंजिनाच्या घरघरीत आत बसलेला, त्याचा पाय ॲक्सिलेटरवर. उत्तर दिलं वैशालीने, मागच्या दारापाशी उभं राहून, स्कार्फमधून. "बाबा, पंपावर जाते ना, तेव्हा रुसते."

मिस्तरींना तोंड दिसत नव्हतं. त्यांच्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे, पण ते एकदम भडकले. "पंप गेला म्हणू नको, सूनबाई! माह्या गॅरेजात कोणी जात नाई!"

वैशालीने स्कार्फची गाठ घट्ट केली. सासऱ्याला पुन्हा कोण सांगणार?

आणि मिस्तरी पंपामागे लागले. एकदा डोक्यात शब्द बसला की त्यांचं असंच. मागची सीट उचलली, पंपाचं झाकण काढलं, वायरी तपासल्या. प्रवीण म्हणत होता, "बाबा, पंप नवाच हाये." ते म्हणत होते, "नवा असला म्हणून काय झालं, नवी नवरी रुसत नाई?" पंप ठणठणीत निघाला. त्यांनी सगळं पुन्हा बसवलं. ऊन झाडाखालून सरकून शेडात आलं. प्रवीण आता हात बांधून बापाकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "बाबा, राहू द्या. हे आता होत नाई. चला, सामान बांधू."

हे त्यांना बरोबर कळलं. पोराचं तोंड ते त्याच्या जन्मापासून वाचत आले होते.

मी चहा घेऊन गेले. दोन मनं झाली होती माझी. सांगितलं नाही, तर मिस्तरी हरतात. सांगितलं आणि प्रवीणच्या लक्षात आलं, की बापाने साधं बोलणं उलटं ऐकलं, तरी हरतात. मी प्रवीणकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभी राहिले. ग्लास पुढे केला आणि नेहमीच्या आवाजात बोलले, जो कुणालाच ऐकू जात नाही.

"मामा, सूनबाई 'पंप गेला' असं नाई म्हणाली. पेट्रोल पंपावर, म्हणाली. पेट्रोल भरलं की रुसते."

मिस्तरींनी ग्लास घेतला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली जे हसू आलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चोराला पकडल्यासारखं हसू, आणि चोर आपणच असल्यासारखंही.

"सूनबाई," ते वळून म्हणाले, "ते तोंडाचं फडकं काढ बरं. अन् पहिलेपासून सांग."

वैशालीने स्कार्फ सोडला. ते तिच्या अगदी समोर जाऊन बसले, उकिडवे, शाळेतल्या पोरासारखे.

"पेट्रोल भरलं की चालू नाई होत?"

"हो बाबा. एरवी काही नाही. घरून निघाली तर एका फटक्यात."

"थोडं भरलं तं?"

"थोडं भरलं तर कमी त्रास. टाकी फुल केली, की मग पंपावरच अडते. मागचे लोक हॉर्न मारतात. मला तर लाज वाटते. आज इथे येतानाही टाकी फुलच केली."

"मंग चालू कशी होते?"

"हे ॲक्सिलेटर दाबून धरतात. मग खोकलत खोकलत होते. आणि फाटकावर थरथरते. रस्त्याला लागली की सरळ."

मिस्तरींनी प्रवीणकडे पाहिलं. "अबे, एवढी हुशार बायको गाडीत बसवून फिरून रायला, अन् हिले कोणी इचारलं नाई?"

"मी सांगत होते," वैशाली म्हणाली, "तिकडचे मिस्तरी ह्यांनाच विचारायचे."

मग ते उठले ते तरण्यासारखे. इंजिनाच्या बाजूला एक बोटभर जाडीची नळी होती. टाकीतल्या पेट्रोलची जी वाफ होते, ती त्या नळीतून इंजिनाकडे जाते. मधे एक लहानसा वॉल्व असतो, तो एरवी बंद राहतो आणि पाहिजे तेव्हाच उघडतो. त्यांनी नळीला चिंधी गुंडाळली आणि पकडीने दाबून धरली. प्रवीणला म्हणाले, "मार."

एका फटक्यात गाडी लागली. माझ्या हातातला ग्लास त्यांनी घेतला आणि इंजिनावर ठेवला. चहावर गोल उठले, बारीक, एकासारखे एक. त्यांनी पकड सोडली. चहाने उडी मारली. पुन्हा दाबली, पुन्हा शांत. आम्ही तिघं एका चहाच्या ग्लासाकडे पाहत उभे होतो, आणि प्रवीण खिडकीतून मान काढून.

"वॉल्व उघडाच राहून रायला," ते म्हणाले. "टाकी भरली की वाफ लय होते, समदी याच्या तोंडात जाते. जेवून उठलेल्या माणसाले पुन्हा ताटावर बसवल्यासारखं. कसा उठंन तो?"

प्रवीणने गाडी बंद केली. बाहेर आला आणि बापाच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "जिंकले बाबा. मी काही नाई म्हणत आता."

इथे ते गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. मीही जन्मात बोलले नसते. पण तायडे मिस्तरी ते. जिंकल्यावर त्यांना खोटं बोलणं कमीपणाचं वाटलं असावं. हात पुसत म्हणाले, "थांब. अजून एक गाडी पायाची हाये."

"कोणती?"

"हे." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "माहे कान काय करून रायले ते सांगतो. डाव्यात दिवसभर शिट्टी वाजते. उजव्यात माणूस बोलला की विहिरीतून बोलल्यासारखा येते. तोंड दिसलं तं समजते, नाई दिसलं तं आपल्या मनानं लावतो. आज सूनबाईचं उलटं लावलं, म्हणून अर्धा दिवस पंप खोलत बसलो. ते व्हॅनचंही खरं हाये."

प्रवीणचा चेहरा उतरला. "म्हणजे कान गेले, बाबा?"

"गेले म्हणू नको!" ते गरजले, आणि वैशालीला हसू आलं. मग प्रवीणलाही. मग त्याचे डोळे भरले. म्हणाला, "केव्हापासून?"

"तुही माय होती तवापासून. तिले माहीत होतं. ते समोर बसूनच भांडत जाय."

त्या दिवशी कुलूप लागलं नाही. प्रवीण पुढच्या आठवड्यात येऊन त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला, मशीन बसवलं. मिस्तरींना ते पटलं नाही. "यात समदं ऐकू येते, कामाचं सोडून," म्हणायचे, आणि गाडीला हात लावताना काढून खिशात टाकायचे. पण एक फरक झाला. आता ते उघड सांगायचे, "माह्यासमोर ये, तोंड दाखव, मंग बोल." गिऱ्हाइकं कमी होतील ही त्यांची भीती खोटी निघाली. लोक समोर येऊन उभे राहायचे आणि आपोआप सावकाश बोलायचे. माझ्या टपरीवरही त्याचा गुण आला की काय कोण जाणे, दोनचार माणसं कानामागे हात लावायची सोडून माझ्या तोंडाकडे पाहायला लागली.

पुढे काही वर्षांनी त्यांनीच कुलूप लावलं, कुणी म्हटलं म्हणून नाही. गुडघे वाकेनात. मला म्हणाले, "खाली बसलो की उठाले दुसरा माणूस लागून रायला. मंग मिस्तरी कोण, मी का तो?" पाने-हातोडे त्यांनी ज्याला पाहिजे त्याला वाटून दिले. लाकडी मुठीचा पेचकस तेवढा बरोबर ठेवला.

प्रवीण त्यांना न्यायला आला तो त्याच गाडीतून. सामान मागे, वैशाली मागे, मिस्तरी पुढे बसले, पांढरा शर्ट घालून. जयंती नव्हती तरी. काचा वर होत्या, आत थंड हवा सुरू होती. प्रवीणने गाडी चालू केली. मी टपरीतून बाहेर येऊन उभी होते, हातात फडकं. निरोपाचं काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, आणि काचेतून ऐकूही गेलं नसतं.

मिस्तरींनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. माझ्याकडे वळले. काचेआड त्यांचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही. पण इतकी वर्षं त्यांनी माझे वाचले, मला त्यांचे वाचता येणार नाहीत?

"काय करून रायली?"

मी पुढे झाले. गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. आतलं इंजिन हाताला लागत होतं, बारीक, सरळ, कुठे लंगडत नव्हतं. मी थोडा वेळ तसाच हात ठेवला. घाई करून सांगितलेलं त्यांना चालायचं नाही.

मग मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून सांगितलं, "मस्त चालून रायली, मामा."

त्यांनी मान हलवली. पोराकडे वळून हात पुढे केला, चल म्हणून.